पडद्यावरचं गाणं आणि अल्बममधलं गाणं: काही महिने दोन्ही ऐकल्यावर

'द किंग अँड आय' (1956) हा चित्रपट आणि त्याचा साउंडट्रॅक अल्बम काही महिने आलटून पालटून ऐकला. अल्बम जरूर घ्यावा, पण पडद्यावर ऐकलं ते जसंच्या तसं मिळेल या भरवशावर नको.

अल्बमची खरी कमाई म्हणजे चित्रपटातून गळालेली तीन गाणी: 'माय लॉर्ड अँड मास्टर', 'आय हॅव ड्रीम्ड' आणि 'शॅल आय टेल यू व्हॉट आय थिंक ऑफ यू'. गाणी चित्रीकरणाआधीच रेकॉर्ड व्हायची, म्हणून कात्री लागूनही ती टिकली. तिसऱ्यात नायिका डेबोरा कर बोलते आणि तिच्यासाठी पार्श्वगायन करणारी मार्नी निक्सन गाते. हेडफोन लावून सांधा शोधून बघा, चटकन सापडत नाही!

बाकी फरक एकूणच सांगीतिकांमध्ये दिसतात. एलपीच्या (मोठ्या तबकडीच्या) एका बाजूवर साधारण 20 ते 25 मिनिटंच मावायची. त्यामुळे नाचाचे लांब तुकडे आखडले जातात, पुन्हा येणारी धृपदं गळतात आणि क्रमही बदलतो. चित्रपटात गाणं संवादात विरघळतं, अल्बमवर त्याला स्वतंत्र शेवट जोडलेला असतो.

तुलना करताना सगळ्यात जास्त घोळ घालते ती जुनी पाल पद्धतीची (युरोप-भारतातल्या टीव्हीसाठीची) डीव्हीडी. सेकंदाला 24 फ्रेमचा चित्रपट तिच्यावर 25 ने पळतो. चार मिनिटांचं गाणं जवळजवळ दहा सेकंद आधी संपतं आणि सूर सुमारे पाऊण सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) चढतो. मग गायिकेने अल्बमसाठी पट्टी उतरवली असं वाटतं, आणि त्यावर वादही रंगतात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीडीवरच्या ट्रॅकचा वेग 4 टक्के कमी करा, दोन्ही जुळतील. मात्र काही डिस्कवर सूर आधीच दुरुस्त केलेला असतो. तिथे 'चेंज स्पीड अँड पिच' नको, 'चेंज टेम्पो' वापरा, नाहीतर सूर खाली घसरतो. ब्लू-रे बहुतेक वेळा 24 नेच चालते, तिथे ही भानगडच नाही.

'ले मिझराब्ल' (2012) या चित्रपटाचं गणित वेगळं. नट सेटवरच, कानातल्या पियानोच्या आधाराने गायले. वाद्यवृंद नंतर चढवला. म्हणून अल्बमवरही हुंदके आणि तुटलेला श्वास ऐकू येतो. गाडी चालवताना लावायला हा अल्बम नाही. पहिली आली ती एका डिस्कची, निवडक गाण्यांची आवृत्ती. दोन डिस्कची 2013 मध्ये आली. घेताना मागच्या बाजूला डिस्क किती ते बघा, मुखपृष्ठावर जाऊ नका.