दुआन की शे? जुना चिनी शाईदगड घेताना

लिलावात जुने चिनी शाईदगड पाहायला लागलात की निवड बहुधा दोन जातींवर येऊन ठेपते. दुआन हा ग्वांगडोंगमधल्या झाओचिंग परिसरातला जांभळट दगड. शे हा आन्ह्वे-जिआंग्शीच्या हद्दीवरचा, काळसर, पाटीच्या जातीचा. काम दोघांचं एकच, आपल्या सहाणेसारखं: थेंबभर पाणी घालून शाईची वडी उगाळायची.

रोज लिहायला बसणाऱ्याने साधा शे घ्यावा. त्याचा कस चांगला, शाई लवकर उतरते. काहींत सोनेरी ठिपके चमकतात, काहींत भुवयांसारख्या रेघा असतात. दुआन हाताला जास्त मऊ. त्यातले हिरवट-पिवळे गोल ‘डोळे’ कारागीर वाया जाऊ देत नाहीत. एखादा डोळा ढगांमागचा चंद्र होतो. नुसतं पाहत बसायला दुआनच.

खरी गोम मागच्या कोरीव मजकुरात आहे. सोंग राजवटीतला कवी सु शिर (१०३७–११०१), ९९ शाईदगड बाळगणारा छिंग राजवटीतला विद्वान जी युन, किंवा सूचौची नामवंत कारागीर स्त्री गू अरनियांग, यांपैकी कुणाचं नाव दिसलं की भाव चढतो. माझा मात्र संशय चढतो, कारण याच नावांचे खोटे लेख भरपूर कोरले गेले. सम्राट छियेनलुंगच्या शाईदगडांच्या १७७८च्या सचित्र सूचीशी दगड जुळतो म्हणून हुरळू नका. सूची नकलाकारांनाही वाचता येत होती.

टॉर्च तिरपा धरा, भिंग लावा. जुना ओरखडा अक्षराच्या कडा कापत गेला असेल तर अक्षर आधीचं. अक्षराने ओरखडा मधेच तोडला असेल तर लेख नंतरचा, मग दगड कितीही जुना असो. खाचेचा तळ पांढरट आणि कडा धारदार असतील तरी तेच. ओल्या फडक्याला काळा रंग लागला तर खाच मुद्दाम माखलेली असू शकते. लाकडी पेटीवरच्या लेखाला फार किंमत देऊ नका, पेट्या बदलतात.

एकीकडे सु शिरच्या नावाचा, ड्रॅगन-ढगांनी गच्च कोरलेला दुआन आणि दुसरीकडे कुण्या अपरिचित मास्तराने शिष्याला दिल्याच्या दोन ओळी असलेला साधा शे, असा पेच पडला तर मी बिनदिक्कत दुसरा उचलेन. अपरिचित नाव खोटं कोरून कुणाला काय मिळणार? दुआनच हवा असेल तर बिनलेखाचा बघा, आणि वाचलेले पैसे डोळे असलेल्या दगडावर घाला.