पद्मिनीचे मॅटिंग आणि त्याखालचा पत्रा: साताऱ्यातील एका दुकानाचा अनुभव

आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्यामुळे पुढची सीट बाकासारखी अखंड आहे, आणि त्या सीटखालून मागेपर्यंत गेलेल्या मॅटिंगला गेल्या पावसाळ्यानंतर असा कुबट वास येऊ लागला की काचा उघडल्याशिवाय आत बसवत नव्हते. कोरेगाव रस्त्यालगत सीट आणि मॅटिंगचे काम करणारे एक लहानसे दुकान आहे. तेथे मी नोव्हेंबरमध्ये हे काम करून घेतले.

चार वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातील एका कारागिराने जुना नमदा (मॅटखालचे दाबून केलेले जाड, मऊ अस्तर) न काढता त्यावरच स्पंजचा थर चिकटवला होता आणि वर नवी मॅट अंथरली होती. दिसायला ते काम सुबक होते. साताऱ्याच्या मिस्त्रींनी मात्र दराचे बोलण्याआधीच सीट काढली आणि मॅट उचलली. गाडी आठ दिवस शेडमध्ये उभी होती, तरीही चालकाच्या टाचेखालचा नमदा त्यांनी मुठीत पिळला तेव्हा त्यातून तपकिरी पाणी ठिबकले. ॲक्सिलरेटरच्या मागे त्यांनी पेचकस टेकवला, तर तो पत्र्यातून आरपार गेला. "साहेब, मॅट उद्यासुद्धा बसवून देईन, पण पाणी कुठून येतंय ते आधी बघू," असे ते म्हणाले, आणि मला या दुकानाविषयी विश्वास वाटला तो याच वाक्यामुळे.

नंतर त्यांनी मला टॉर्च देऊन डॅशबोर्डखाली वाकून बसायला सांगितले आणि बाहेरून मगाने पुढच्या काचेवर सावकाश पाणी ओतले. काचेच्या रबराच्या खालच्या कोपऱ्यातून एक बारीक धार पत्र्याला धरून उतरत होती आणि थेट मॅटिंगखाली जात होती. रबराची मॅट पाणी वरून वाळू देत नाही आणि नमदा ते धरून ठेवतो, त्यामुळे या गाड्यांचा पत्रा खालच्या चिखलापेक्षा आतूनच अधिक कुजतो, हे मला त्या दिवशी प्रत्यक्ष दिसले.

काचेचे रबर बदलले. कुजलेला भाग कापून तेथे नवा पत्रा वेल्डिंग केला. उरलेला गंज तारेच्या ब्रशने खरवडून प्रायमर मारला, जोडांमध्ये सीलर भरला आणि रंग दिला. पाणी निघून जाण्यासाठी पत्र्याला असलेली भोके पूर्वी कोणीतरी डांबराने बुजवली होती. ती मोकळी करून त्यांना हवी तेव्हा काढता येणारी नवी रबरी बुचे बसवली.

अस्तरासाठी मी नमदाच मागितला होता, कारण मूळ गाडीत जे होते तेच असावे, असा माझा आग्रह होता. मिस्त्रींनी मात्र पाणी न पिणारी एक्सएलपीई (एक प्रकारचे प्लास्टिक) फोमची शीट सुचवली, आणि आज मला त्यांचेच म्हणणे योग्य वाटते. पत्र्याचा थरथराट कमी करण्यासाठी तिच्याखाली ब्यूटाइल या चिकट रबराची शीट रोलरने दाबून बसवली आहे. पेडलांच्या खाली मात्र त्यांनी अस्तर मुद्दाम पातळ ठेवले. तेथे जाडी वाढली, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला जात नाही किंवा मॅटच्या कडेला अडकून परत येत नाही, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. नवी काळी रबरी मॅट जुन्या मॅटच्या मापाने आधी खाकी कागद कापून, मगच बेतली. त्यामुळे मधल्या उंचवट्यावर एकही सुरकुती पडलेली नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. चार दिवसांचे काम नऊ दिवस चालले आणि त्यासाठी मलाच तीनदा फोन करावा लागला. मागच्या डाव्या दाराजवळची बीडिंग (कडेची पट्टी) किंचित वाकडी आहे. वेल्डिंग आणि काचेचे रबर धरून १४,५०० रुपये झाले. त्यांपैकी पत्र्याच्या कामाचा आकडा आधी लेखी घेतला असता, तर बरे झाले असते.

चालकाच्या बाजूचा दाराकडचा कोपरा मिस्त्रींनी न चिकटवता नुसता दाबून ठेवला आहे, म्हणजे मॅट उचलून पाहता येते. या जुलैत कासच्या रस्त्यावर तीन तास मुसळधार पावसात गाडी चालवून घरी आल्यावर मी तो कोपरा उचलला आणि आत हात घालून पाहिले. पत्रा कोरडा होता.