अकरा महिन्यांनंतर: सहा डिस्कचा घरचा स्टोरेज सर्व्हर

जुन्या फोटोंचं फोल्डर चाळताना एक फोटो अर्धाच उघडला. वर आईचा चेहरा आणि खांद्याखाली नुसता राखाडी पट्टा. घाईघाईने दुसऱ्या एक्सटर्नल डिस्कवरची प्रत उघडली, तर तिथेही तेच, आणि तिसरीवरही. म्हणजे बिघडलेली फाइल मीच दरवर्षी नव्या डिस्कवर उतरवत आले होते, आणि इतक्या वर्षांत एकाही डिस्कने चकार शब्द काढला नव्हता.

तोपर्यंत माझी अडचण फक्त जागेची होती. फोटो, मिनी-डीव्ही टेपवरून उतरवलेलं जुनं चित्रीकरण (एका तासाला साधारण १३ जीबी), कामाच्या फाइली, असं सगळं सात एक्सटर्नल डिस्कवर विखुरलेलं. त्या फोटोनंतर जागेचा प्रश्न मागे पडला. फाइल बिघडली तर मला कळणार कसं, हे डोक्यात बसलं, आणि त्यासाठी हा सर्व्हर बांधला. अकरा महिने तो दिवसरात्र चालू आहे.

सामान असं: १६ टीबीच्या सहा डिस्क, आठ डिस्क मावतील असं कॅबिनेट, एका जुन्या वर्कस्टेशनचा मदरबोर्ड आणि प्रोसेसर, ३२ जीबी ईसीसी रॅम (आपल्यातली चूक स्वतः पकडून सुधारणारी), आणि वापरलेलं एक एचबीए कार्ड (मदरबोर्डला जास्त डिस्क जोडून देणारं). कार्ड आयटी मोडमध्ये आहे, म्हणजे ते स्वतः रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणं) करत बसत नाही, डिस्क जशाच्या तशा सिस्टिमपुढे ठेवतं. वर ट्रूनॅस ही स्टोरेज सर्व्हरची सिस्टिम, आत झेडएफएस ही डिस्कवर फाइली मांडणारी फाइल सिस्टिम. प्रोसेसर चार कोअरचा आणि बऱ्यापैकी म्हातारा आहे, पण फाइली साठवायला आणि घरात वाटायला तो एकदाही कमी पडला नाही. झेडएफएस ईसीसीशिवायही चालतं; पण माझी सगळी धडपडच फाइल शाबूत राहण्यासाठी होती, तिथे रॅमपाशी तडजोड करवेना.

एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र हात आखडू नका. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढते. सहा डिस्क एकदम उठल्या की दीडशे वॅटच्या घरात मागणी जाते, आणि ती फक्त डिस्कची. कनेक्टर कमी पडले म्हणून जुन्या मोलेक्स प्लगवरून डिस्कचा साटा प्लग करणारे, प्लॅस्टिक ओतून बंद केलेले जोड लावायचा मोह होतो. ते लावू नका. त्यांत तारा आतल्या आत टेकून जोड जळाल्याची उदाहरणं आहेत.

आता ९६ टीबीचं काय झालं ते. डिस्क झेडएफएसच्या रेड-झेड२ मांडणीत आहेत, म्हणजे कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो, म्हणून दोन डिस्कइतकी जागा त्यातच जाते आणि उरतात ६४. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, सिस्टिम १०२४च्या, त्यामुळे पडद्यावर आकडा येतो ५८च्या आसपास, आणि झेडएफएसचा स्वतःचा खर्च वजा जाता त्याहूनही थोडा कमी. शिवाय पूल, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून झालेली एक साठवण, गच्च भरला की लिहिण्याचा वेग पडतो, म्हणून मी ८० टक्क्यांची रेघ आखून घेतली आहे. हिशेब आधी कागदावर मांडला होता म्हणून धक्का बसला नाही. एकाच डिस्कचा आधार ठेवून आणखी १६ टीबी मिळाले असते, पण एवढ्या मोठ्या डिस्क असताना मी तो मार्ग कुणालाही सुचवणार नाही. का, ते आठव्या महिन्यात कळलं.

डिस्क घेताना सीएमआर (ट्रॅक शेजारी शेजारी) आहे की एसएमआर हे डेटाशीटमध्ये बघूनच घ्या. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात, त्यामुळे मधलं काही बदलायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, पण डिस्क बदलून पूल पुन्हा भरायची वेळ आली की ती डिस्क रांगायला लागते.

डिस्क आल्या त्या दिवशी पूल करायचा नाही, हे मी स्वतःला बजावलं होतं. प्रत्येक डिस्कवर बॅडब्लॉक्स हे तपासणीचं साधन चालवलं. ते चार वेगवेगळे नमुने डिस्कभर लिहितं आणि प्रत्येक नमुना परत वाचून ताडून बघतं, म्हणजे एकूण आठ फेऱ्या. १६ टीबीच्या एका फेरीला जवळजवळ दिवस लागतो, त्यामुळे सहाही डिस्क एकाच वेळी लावूनसुद्धा आठवडा गेला. (१८ टीबी किंवा मोठ्या डिस्क घेणार असाल तर ब्लॉकचा आकार ४०९६ ऐवजी ८१९२ द्या, नाहीतर बॅडब्लॉक्स सुरूच होत नाही.) चौथ्या दिवशी एका डिस्कच्या स्मार्ट नोंदीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती) १९७ क्रमांकापुढे, म्हणजे वाचता न आलेल्या आणि निकाल लागायच्या सेक्टरांपुढे, शून्याच्या जागी ८ आला. डिस्क नवी कोरी होती, आठाने काय होतंय असं क्षणभर वाटलंही. पण गूगलने २००७ मध्ये आपल्या १ लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात पहिला स्कॅन एरर (तपासणीत वाचता न आलेली जागा) दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता, असा एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली होती. मी ती बदलून घेतली. तिच्यावर अजून एकही फाइल नव्हती, त्यामुळे परत करताना मनाला काहीच लागलं नाही.

त्या रिकाम्या आठवड्यात आणखी एक काम केलं. प्रत्येक डिस्कच्या सिरियल नंबरची शेवटची चार अक्षरं कागदाच्या पट्टीवर लिहून ट्रेच्या तोंडाशी चिकटवली. जमलं तर एवढं तरी कराच.

दुसऱ्या महिन्यात एका डिस्कचा १९९ क्रमांकाचा आकडा, सीआरसी एररचा (डेटा ये-जा करताना झालेल्या चुकांचा), रोज थोडा थोडा वाढायला लागला. हा आकडा डिस्कपेक्षा तिच्याकडे जाणाऱ्या केबलबद्दल जास्त सांगतो. केबल बदलली, आकडा थांबला. तो मागे येत नाही, आहे तिथेच राहतो. पुढे सरकत नाही ना एवढंच बघायचं.

पाचव्या महिन्यातली रात्र मात्र विसरता येणार नाही. ऐन उन्हाळा, मी टेपवरचं चित्रीकरण सर्व्हरवर ढकलत होते, आणि साडेअकराच्या सुमाराला फोनवर ओळीने दोन इशारे आले. दोन डिस्क गायब, पूल डिग्रेडेड, म्हणजे आधार कमी झालेला. रेड-झेड२चा सगळा आधार एका मिनिटात संपला होता. तिसरी डिस्क गेली असती तर सगळंच गेलं असतं. पोटात गोळा आला. हात लगेच नव्या डिस्क शोधायला धावत होते. पण मी आधी कॉपी थांबवली, आणि ट्रेवरच्या पट्ट्या बघितल्या. दोन्ही डिस्क, कार्डापासून चार डिस्ककडे फुटणाऱ्या एकाच केबलवरच्या. त्यानंतर डोकं जरा शांत झालं. दोन चांगल्या डिस्क एका मिनिटाच्या अंतराने मरत नाहीत. त्यांच्यात सामाईक काय आहे ते आधी शोधायचं. सर्व्हर बंद करून झाकण काढलं आणि एचबीए कार्डाच्या हीटसिंकला बोट लावलं, ते झटकन मागे घ्यावं लागलं. ही कार्डं सर्व्हरच्या कॅबिनेटसाठी बनवलेली असतात; तिथे वारा सतत घोंघावत असतो. माझ्या शांत घरगुती कॅबिनेटमध्ये त्या कोपऱ्यात हवा हलतच नव्हती.

अर्धा तास गार होऊ दिलं आणि पुन्हा चालू केलं. दोन्ही डिस्क परत आल्या. झेडएफएसने त्या नसतानाच्या काळात बदललेलं तेवढंच त्यांच्यावर भरलं आणि दोन-तीन मिनिटांत पूल पूर्ववत झाला. दुसऱ्या दिवशी ४० मिलिमीटरचा एक छोटा पंखा हीटसिंकवर बसवला. त्यानंतर तो प्रकार एकदाही झालेला नाही. एचबीए कार्ड लावणार असाल तर पंखा त्याच दिवशी लावा.

आठव्या महिन्यात खरोखरची डिस्क गेली. एकदम नाही; रिअलोकेटेड सेक्टरचा (खराब झाल्याने दुसरीकडे हलवलेल्या जागांचा) आकडा शून्यावरून १६, मग ४०, मग तीन आठवड्यांत शंभराच्या वर. पट्टी बघून नेमकी तीच ओढली, आधीच तपासून ठेवलेली जादाची डिस्क बसवली. पूल भरून यायला २६ तास लागले. एवढा वेळ उरलेल्या पाचही डिस्क अखंड वाचल्या जात होत्या, एरवी ३८ अंशांवर असणारं तापमान ४४ वर गेलं होतं. याच वेळी दुसरी एखादी डिस्क दगा देऊ शकते, आणि माझ्या सगळ्या डिस्क एकाच वेळी, एकाच लॉटमधून घेतलेल्या. दुसरा आधार होता म्हणून मी त्या रात्री झोपू शकले. लॉट मिसळून घ्यायला हवे होते, ही माझी चूक. आता जादाच्या डिस्क वेगवेगळ्या वेळी घेते आहे.

ज्या कामासाठी हे सगळं केलं, ते म्हणजे स्क्रब. महिन्यातून एकदा झेडएफएस प्रत्येक ब्लॉक वाचतं, लिहिताना नोंदवलेल्या चेकसमशी (त्यातल्या माहितीवरून काढलेल्या खुणेच्या आकड्याशी) ताडतं, आणि जुळला नाही तर इतर डिस्कवरच्या माहितीवरून दुरुस्त करतं. माझ्याकडे सतराएक तास चालतं. अकरा महिन्यांत दोन वेळा त्याने दुरुस्ती केल्याचं अहवालात आलं, दोन्ही वेळा, पुढे आठव्या महिन्यात गेलेल्या त्याच डिस्कवर. फाइलला धक्का नाही, आणि मला कळलं.

स्नॅपशॉटबद्दल, म्हणजे फाइली त्या क्षणी जशा होत्या तशा गोठवून ठेवण्याबद्दल, मात्र मला आधी एवढी आस्था नव्हती. एका रविवारी धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, मी काहीतरी करून बसलोय." त्याने आपल्या लॅपटॉपवर जागा करायची म्हणून फोटोंचं फोल्डर उडवलं होतं, ते लॅपटॉपवरचं नव्हतं, सर्व्हरवरचं होतं. चाळीस हजारांच्या आसपास फोटो. मी त्याला म्हटलं, "घाबरू नकोस, फक्त आता कशाला हात लावू नकोस." पहाटे दोनचा स्नॅपशॉट उघडला, फोल्डर जसंच्या तसं आत होतं. पाऊण तासात सगळं जागेवर. झेडएफएस जुन्या ब्लॉकवर लिहीत नाही, नवीन ब्लॉक घेतं, म्हणून स्नॅपशॉट घेताना जागाही जात नाही. पुढे काही बदललं किंवा खोडलं तरच ती भरत जाते. आता दर तासाचे दोन दिवस आणि रोजचे दोन महिने ठेवते.

यातलं काहीही बॅकअप नाही. आग, चोरी, विजेचा लोळ, यांपुढे सहाही डिस्क एकच वस्तू आहेत. म्हणून लांब राहणाऱ्या भावाकडे एक लहान यंत्र ठेवलं आहे, रोज रात्री स्नॅपशॉट तिकडे जातात. अहवालात तीन महिने हिरवी खूण येत होती. मग एका सुट्टीत मी ठरवून, सर्व्हर जळाला असं समजून, नुसत्या त्या यंत्रावरून वीस फाइली परत आणायला बसले. सतरा आल्या. उरलेल्या तीन टेपवरच्या चित्रीकरणातल्या होत्या, आणि ते चित्रीकरण तिकडे नव्हतंच. त्याचं डेटासेट (पूलमधला वेगळा कप्पा) मी नंतर बनवलं होतं आणि कामाच्या यादीत आतले सगळे डेटासेट घ्यायची खूण करायची राहिली होती. जे दिलं होतं ते नीट जात होतं, म्हणून खूण हिरवीच. ज्या टेप आता पुन्हा वाचल्या जातील याची खात्री नाही, नेमकं त्यांचंच चित्रीकरण तीन महिने एकाच जागी होतं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी वीस फाइली परत आणते, आणि त्या कुठल्या ते भाऊ निवडतो.

बाकीचं थोडक्यात. साध्या गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबी मिळत होते. २.५ गिगाबिटचा स्विच घेतल्यावर २८०, आणि भिंतीतली कॅट ५ई केबल तीच चालली. ४ टीबी हलवायला दहा तासांऐवजी चार लागतात. १० गिगाबिटची मला गरज वाटत नाही. वेग वाढावा म्हणून कॅशसाठी (सारखं लागणारं हाताशी ठेवायला) लावलेली एसएसडी काढून टाकली, काही फरक पडत नव्हता. वीज शांत असताना ७० वॅटच्या आसपास, म्हणजे महिन्याला सुमारे ५० युनिट. स्क्रबच्या रात्री डिस्कच्या हेडची कुरकुर भिंतीपलीकडे ऐकू येते. रबरी वॉशर घातल्यावर घुमणं कमी झालं, आवाज पूर्ण गेला नाही. झोपायच्या खोलीत ठेवू नका. यूपीएसवर दहा मिनिटं निघतात, पाच मिनिटांत वीज आली नाही की सर्व्हर स्वतः नीट बंद होतो.

सध्या पूल ६४ टक्के भरला आहे. ८० च्या आधी सातवी डिस्क घालेन. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ पासून रेड-झेडमध्ये एकेक डिस्क वाढवता येते. जुनी माहिती मात्र पुन्हा लिहीपर्यंत जुन्याच प्रमाणात राहते, तेव्हा जागा लगेच पुरती मिळत नाही.

त्या सात जुन्या डिस्क एकेक करून ताडते आहे. आतापर्यंत अकरा बिघडलेल्या फाइली सापडल्या, त्यांतल्या चारची चांगली प्रत दुसऱ्या एखाद्या डिस्कवर निघाली. आईचा तो फोटो त्या चारांत नाही. त्याच वर्षी जाळलेली एक सीडी कपाटात मिळाली आहे. ती वाचण्यासाठी ड्राइव्ह मागवला आहे.