उजनीच्या काठावरून ल्यूर: ब्रेड की मोनो?

उजनी धरणाच्या काठावरून ल्यूर, म्हणजे नकली आमिष, फेकून मासे धरायचे तर दोरी कुठली: ब्रेड (बारीक धागे विणून केलेली) की मोनो (एकाच धाग्याची नायलॉनची)? सात-आठ फुटी मीडियम रॉड आणि ३००० साइजचं स्पिनिंग रील दोन्हींना चालतं. खरा फरक दोरीत आहे.

०.२० मिमीची ब्रेड ०.३५ च्या मोनोपेक्षा लांब जाते. ती जवळजवळ ताणत नाही, म्हणून चाळीस मीटरवरची टोचही हाताला कळते आणि हुक नीट बसतो. मोनो ताणते, लांबवर मरळ लागली तर झटका अर्ध्यातच विरतो.

पण उजनीचं पाणी उतरलं की काळे दगड आणि बुडालेल्या बाभळी वर येतात. दगडावर घासली की ब्रेड कटकन तुटते. त्यामुळे पुढे ०.४० मिमीचा तीनेक फूट लीडर (ब्रेडच्या टोकाला जोडायचा मोनोचा तुकडा) हवाच, डबल युनी गाठीनं. स्पूलवर (रीलच्या चकरीवर) आधी थोडी मोनो गुंडाळा, नाहीतर ब्रेड गरगर फिरते. स्पूल काठापर्यंत गच्च भरू नका, दीड-दोन मिमी मोकळं ठेवा. फेकल्यावर बेल (रीलवरची तारेची कडी) हातानं बंद करून दोरी ताणून घ्या. ढिली गुंडाळली की पुढच्या फेकीला गुंताच हातात येतो.

मोनो स्वस्त, गाठ सोपी. सोलापूरच्या उन्हात ठेवली तर मात्र कडक होते, दरवर्षी बदलावी लागते. नवशिक्यानं मोनोच घ्यावी. मरळीच्या मागे लागलात तर ब्रेड.