विकिपीडिया : नावातला वेग आणि नावातले शिक्षण

मराठी विकिपीडिया ही विनामूल्य आणि जाहिरातमुक्त सेवा मी नियमितपणे वापरतो, आणि तिचे गुण व मर्यादा तिच्या नावात जुळलेल्या दोन दूरदेशीच्या शब्दांनीच उत्तम मोजता येतात, असे माझे मत आहे.

अमेरिकी संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांना होनोलुलू विमानतळावर ‘विकी विकी’ नावाच्या बसने जाण्यास सांगण्यात आले होते. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे जलद. आपल्या ‘भरभर’, ‘पटपट’ यांप्रमाणे तेथेही शब्द दुहेरी झाला की घाई वाढते. वाचकालाच चटकन बदलता येतील अशी पाने त्यांनी २५ मार्च १९९५ रोजी महाजालावर खुली केली, तेव्हा ‘क्विक’ या इंग्रजी शब्दाऐवजी त्यांनी हाच शब्द निवडला. नावाचा उत्तरार्ध ‘एन्सायक्लोपीडिया’तून आला असून त्याच्या मुळाशी ‘पायदेइया’, म्हणजे शिक्षण, हा ग्रीक शब्द आहे. तज्ज्ञांनी तपासलेल्या लेखांचा न्यूपीडिया हा प्रकल्प फारच संथ चालला होता; त्याला जोड म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी जे संकेतस्थळ सुरू झाले, त्याला हे जोडनाव न्यूपीडियाचे संपादक लॅरी सँगर यांनी दिले.

मराठी आवृत्ती स्वतःला ‘मुक्त ज्ञानकोश’ म्हणवते. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या २३ खंडांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’शी नाते सांगणारा हा शब्द मला मनापासून आवडतो.

नावातला ‘विकी’ येथे पुरेपूर अनुभवास येतो. एका गावाच्या नावातील ऱ्हस्व-दीर्घाची चूक मी ‘संपादन’ उघडून दुरुस्त केली आणि ती क्षणात सर्वांना दिसू लागली. आधीचा मजकूरही नाहीसा झाला नाही, कारण प्रत्येक बदल पानाच्या ‘इतिहासा’त तारीखवेळेसह राहतो, छापील कोशात ही सोय असूच शकत नाही. ‘पीडिया’ची बाजू मात्र लिहिणाऱ्या स्वयंसेवकांच्या संख्येवर अवलंबून असल्याने सर्वत्र सारखी नाही: एखादा लेख सविस्तर, तर शेजारचा दोन ओळींचा. म्हणून लेखाखालचे संदर्भ आधी पाहावेत, आणि संदर्भ नसलेले विधान अन्यत्र पडताळल्याशिवाय मुलांना शाळेच्या प्रकल्पात उतरवू देऊ नये.