विंडोजमधला मराठी इनस्क्रिप्ट कळफलक: एका मुद्रितशोधिकेचं मत
गणपती झाले की माझ्याकडे दिवाळी अंकांच्या कथा-लेखांच्या फायली यायला लागतात. मुद्रितशोधनासाठी मी विंडोजमधलाच मराठी इनस्क्रिप्ट कळफलक वापरते. तो प्रत्येक लेखकाने शिकावा असं मला मनापासून वाटतं.

सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची, वेगळे पैसे पडत नाहीत. डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली व्यंजनं. ही मांडणी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवली. हिंदी, गुजराती, कन्नडलाही 'क' त्याच कळेवर असतो. कळांवर मराठी अक्षरं छापलेली नसतात, त्यामुळे सुरुवातीला विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबून पडद्यावरचा कळफलक उघडून ठेवावा. हात बसायला वेळ लागतो, हे खरंच आहे. २०१९ साली विंडोज १० मध्ये आलेला मराठी फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहायचा कळफलक, त्या मानाने सोपा, पण त्याची शब्द सुचवणारी यादी सारखी मध्ये येते. पानंच्या पानं लिहायची तर मला तो नको वाटतो.

लेखकाला प्रोसेसर कोणता, रॅम किती हे ठाऊक नसलं तरी काही बिघडत नाही. पण दिसणाऱ्या अक्षरामागे फायलीत काय साठतं, एवढं तरी कळायलाच हवं. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरांचे संकेत असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. तो फॉन्ट माझ्याकडे नसला की अख्ख्या कथेची खिचडी. युनिकोड या अक्षरसंकेतांच्या जागतिक पद्धतीत 'क'ला स्वतःचा क्रमांक असतो, फॉन्ट कोणताही लावा.

आता 'दुसऱ्या' घ्या. युनिकोडमध्येही तो दोन तऱ्हांनी साठतो. एकात ऱ, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. छापून दोन्ही शेजारी ठेवले तरी फरक दिसत नाही. पण शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा हातातून निसटतो. एकाच अंकात दोन्ही प्रकार आले, की 'ऱ्या' असलेला शब्द सगळीकडे बदलला अशी खात्री देता येत नाही, पुन्हा पानोपानी डोळ्यांनी वाचावं लागतं. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरक्या रेघेची (/) कळ दाबली की पहिला प्रकार मिळतो. आपण नेमकं काय साठवतोय हे बोटांनाच कळतं, म्हणून मला हा कळफलक आवडतो.

यंदा लेखकांना माझी विनंती: मजकूर युनिकोडमध्येच पाठवा, आणि 'ऱ्या' शिफ्ट-जे वापरूनच काढा.