व्हीएसकोडियम: पीएचपीवाल्यांनी बिनधास्त घ्यावा, सी शार्पवाल्यांनी थांबावं

जळगाव-धुळ्याकडच्या छोट्या वेब ऑफिसांत मायक्रोसॉफ्टचा कोड लिहायचा एडिटर व्हीएस कोड ओपन सोर्स, म्हणजे खुल्या सोर्सचा, आहे असं सगळे धरूनच चालतात. ते अर्धंच खरं. 2015 च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने एमआयटी लायसन्सखाली खुला केला तो सोर्स. आपण डाउनलोड करतो त्या तयार एडिटरला कंपनीचं वेगळं लायसन्स आहे आणि आत टेलिमेट्री, म्हणजे वापराची माहिती कंपनीला पाठवणं, सुरू असते. त्याच सोर्समधून टेलिमेट्री बंद करून बांधलेला एडिटर म्हणजे व्हीएसकोडियम. धंद्याच्या कामाला दोन्ही फुकट, तेव्हा पैशाचा प्रश्नच नाही. एक्स्टेंशनं, म्हणजे एडिटरला वरून जोडायच्या सोयी, आपली माहिती पाठवत असतील तर ती मात्र त्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागते.

बदली दहा मिनिटांची. जुन्या एडिटरच्या युजर फोल्डरमधल्या सेटिंग्ज आणि कीबाइंडिंग्जच्या जेसन फाइली, शिवाय स्निपेट्सचं फोल्डर, नव्याच्या युजर फोल्डरमध्ये टाकायचं. प्रोजेक्टला हात लावावा लागत नाही.

घोडं पेंड खातं ते एक्स्टेंशनांपाशी. मायक्रोसॉफ्टचं मार्केटप्लेस, म्हणजे एक्स्टेंशनांचं दुकान, त्यांच्याच उत्पादनांपुरतं. व्हीएसकोडियममध्ये त्याऐवजी एक्लिप्स फाउंडेशनचं ओपन व्हीएसएक्स हे दुकान मिळतं. ईएसलिंट, प्रेटियर, इंटेलिफेन्स तिथे आहेत, म्हणजे पीएचपी-जावास्क्रिप्टचं रोजचं काम अडत नाही. मायक्रोसॉफ्टचं पायथनसाठीचं पायलान्स नाही, त्याच्या जागी बेस्डपायराइट टाका. एडिटर आणि भाषेची मदत देणारा प्रोग्राम यांच्यातला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल हे खुलं मानक आहे म्हणून ही अदलाबदल जमते. सी शार्पच्या मायक्रोसॉफ्टच्या मूळ डिबगरला (चुका शोधायच्या साधनाला) लायसन्सच आडवं येतं. एक्स्टेंशनची व्हीएसआयएक्स फाइल उतरवून हाताने टाकायची पळवाटही भरवशाची नाही: सी++ चं अधिकृत एक्स्टेंशन 2025 च्या एप्रिलपासून अशा एडिटरांत चालेनासं झालं. आणि ओपन व्हीएसएक्सवर खऱ्यांशी मिळतंजुळतं नाव घेतलेली बनावट एक्स्टेंशनंही येतात. प्रकाशक कोण ते बघूनच इन्स्टॉल दाबा.

मराठी मजकुराच्या बाबतीत दोन्ही एडिटर एकाच माळेचे मणी. केळी किंवा बियाण्यांच्या साइटवर 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द पानोपानी असतो. काही फाइलींत त्यातला ऱ्य नुक्त्याच्या ऱ ने टाइप केलेला, तर काहींत साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह असा. पडद्यावर फरक कळत नाही, पण शोधला की अर्धेच सापडतात. शोधपट्टीत रेजेक्स (नमुन्याने शोधायची सोय) चालू करून बॅकस्लॅश, यू, 200डी असं इंग्रजी अक्षरांत सलग टाका, लपलेले सगळे दिसतील. ते सरसकट उडवू नका, अर्धी अक्षरं मुद्दाम दाखवायलाही तोच वापरतात. फक्त 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' हे तीन सलग असतील तिथे 'ऱ, हलन्त' करा.

एडिटरच्या फॉन्टमध्ये शेवटी नोटो सान्स देवनागरी जोडा आणि ओळीची उंची थोडी वाढवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना टेकतात. एडिटरच्या आतल्या टर्मिनलला (कमांड टाकायच्या खिडकीला) यावर इलाज नाही. तो प्रत्येक अक्षर ठरीव चौकटीत कोंबतो, त्यामुळे वेलांट्या विस्कटतात. म्हणून मराठी लॉग टर्मिनलमध्ये न बघता त्याची फाइल एडिटरमध्ये उघडून वाचावा.